घडी की कात्री? कोड-एडिटरमधल्या मोडणाऱ्या ओळी

या वेळी सोलापुरातून आलेल्या प्रश्नांत एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत होती : एडिटरमधली (कोड लिहायच्या प्रोग्राममधली) लांब ओळ कधी वळते, कधी वळत नाही, कधी भलत्याच जागी वळते, आणि त्यामागे काही नियम दिसत नाही. नियम असतो. तो शोधायच्या आधी एक गोष्ट तपासायची. चादरीची घडी घातली तर चादर अखंडच राहते. कात्री लावली की दोन तुकडे होतात. एडिटरही ही दोन्ही कामं करतो. घडी फक्त पडद्यावर असते आणि फाइलला तिचा पत्ता नसतो. कात्री मात्र फाइलमध्ये खरंच नवी ओळ घालते. ओळखायचं डावीकडच्या क्रमांकांवरून. वळलेल्या भागाला स्वतःचा क्रमांक नसेल तर घडी, असेल तर कात्री. क्रमांक बंद असतील तर आधी ते चालू करा, मगच सेटिंगला हात लावा.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.)

प्रश्न : विम या एडिटरमध्ये 'सेट टेक्स्टविड्थ=79' ही एकच ओळ मी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिली आहे. सी-च्या फाइलमध्ये कोड कितीही लांब लिहिला तरी तुटत नाही, फक्त टिपणी (कॉमेंट) तुटते. पायथनमध्ये मात्र कोडच मधून तुटतो आणि प्रोग्राम चालत नाही. शिवाय सी-मध्ये काही जुन्या टिपण्या 79 ओलांडून गेल्या तरी तशाच राहतात. एकाच सेटिंगचे तीन परिणाम कसे?
– अक्कलकोट रस्ता, एमआयडीसी

ही कात्री आहे. टेक्स्टविड्थ म्हणजे फक्त कुठे कापायचं त्याची खूण. काय कापायचं ते 'फॉर्मॅटऑप्शन्स' या दुसऱ्या सेटिंगमधली एकेक अक्षरं ठरवतात. त्यात 'टी' असेल तर साधा मजकूर, म्हणजे कोडही, टाइप करता करता कापला जातो. 'सी' असेल तर टिपण्या कापल्या जातात. विमची मूळची किंमत 'टीसीक्यू' आहे, म्हणजे दोन्ही चालू.

आता तुमच्या तीन परिणामांकडे येऊ. विमबरोबर प्रत्येक भाषेसाठी एक छोटी फाइल येते, तिला फाइलटाइप प्लगइन म्हणतात. सी-ची फाइल 'टी' काढून टाकते आणि 'सीआरओक्यूएल' ही अक्षरं घालते. म्हणून तिथे कोड वाचतो आणि टिपणी कापली जाते. पायथनची फाइल या सेटिंगला हातच लावत नाही. 'टी' जागेवर राहतो आणि कोड कापला जातो. तिसरा परिणाम त्या 'एल'चा. लिहायला सुरुवात करतानाच एखादी ओळ मर्यादेहून लांब असेल, तर 'एल' तिला आपोआप कापू देत नाही. तुमच्या जुन्या लांब टिपण्या त्यामुळेच सुटल्या. नव्याने लिहिलेली टिपणी मात्र 79 वर कापली जाईल. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सवलत आहे. जुन्या ओळी बसवायच्या असतील तर परिच्छेदावर जाऊन 'जी क्यू आय पी' दाबा.

उपाय असा : विमच्या तुमच्या फोल्डरमध्ये 'आफ्टर/एफटीप्लगइन/पायथन.विम' ही फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा, 'सेटलोकल फॉर्मॅटऑप्शन्स-=टी'. मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं तर ते सगळ्याच भाषांना लागू होतं, शिवाय एखाद्या भाषेची फाइल नंतर वाचली जाते आणि तुमचं लिहिलेलं पुसू शकते. 'आफ्टर' फोल्डर सगळ्यांत शेवटी वाचला जातो.

एक खोड लक्षात ठेवा. '-=टीसी' असं दोन अक्षरं एकदम लिहून काढायला गेलात, तर ती यादीत अगदी शेजारी-शेजारी असतील तरच निघतात. नसतील तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. एका वेळी एकच अक्षर काढा.

आणि कुठलीही अटकळ बांधण्याआधी ':व्हर्बोज सेट टेक्स्टविड्थ?' आणि ':व्हर्बोज सेट फॉर्मॅटऑप्शन्स?' या दोन आज्ञा द्या. किंमत तर दिसतेच, पण ती शेवटी कुठल्या फाइलने बदलली तेही दिसतं. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधला कमिट-संदेश (नोंदीबरोबरचा मजकूर) 72 वर का तुटतो आणि विमची स्वतःची स्क्रिप्ट 78 वर का, याचं उत्तरही तिथेच मिळेल. दोन्हींच्या प्लगइनमध्ये तसं लिहिलेलं आहे.

टेक्स्टविड्थ 0 असूनही ओळी तुटत असतील, तर 'रॅपमार्जिन' पाहा. हे सेटिंग खिडकीच्या उजव्या कडेपासून मोजतं. किंमत 5 असेल तर 120 रकान्यांच्या (एक रकाना म्हणजे एका अक्षराची जागा) खिडकीत ओळ 115 वर तुटते, 80 च्या खिडकीत 75 वर. घरच्या लॅपटॉपवर एक रुंदी आणि ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर दुसरी, असा घोळ बहुधा इथूनच येतो. हे सेटिंग 0 च ठेवा. कोडसाठी त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : व्हीएस कोड या एडिटरमध्ये मी टिपण्या मराठीत लिहिते. वर्ड रॅप (ओळ पडद्यावर वळवण्याची सोय) चालू आहे. इंग्रजी टिपणी खिडकीच्या कडेपर्यंत जाऊन वळते, मराठी टिपणी मात्र बरीच अलीकडे वळते आणि उजवीकडची जागा रिकामी राहते. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. शिवाय पायथनचा तपासनीस 'ओळ 79 पेक्षा लांब' म्हणतो, पण ओळ तर छोटी दिसते.
– जुळे सोलापूर

ही घडी आहे, पण मोजमाप चुकीच्या पट्टीने झालेलं आहे. व्हीएस कोडचं 'एडिटर.रॅपिंगस्ट्रॅटेजी' हे सेटिंग मुळात 'सिंपल' असतं. सिंपल पद्धत प्रत्येक संकेताला (अक्षराच्या प्रत्येक घटकाला कॉम्प्युटरने दिलेल्या क्रमांकाला) एक रकाना धरते (चिनी-जपानीसारख्या रुंद अक्षरांना जास्त). इंग्रजीला हे चालतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे संकेत आहेत, आणि सिंपल पद्धत त्या प्रत्येकाला पूर्ण रकाना बहाल करते.

'सिद्धेश्वर' हा शब्द घ्या. पडद्यावर अक्षरं चार : सि, द्धे, श्व, र. संकेत मात्र दहा : स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. सिंपल पद्धतीत हा शब्द दहा रकाने खातो, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी जागा घेतो. वाचलेली ती जागा म्हणजेच तुमच्या उजवीकडची रिकामी पट्टी. 'सोलापूर'चे संकेत सात, अक्षरं चार. जोडाक्षरं आणि मात्रा जितक्या जास्त, तितकी ओळ लवकर वळणार. एकाच टिपणीतल्या दोन ओळी वेगवेगळ्या ठिकाणी वळतात त्या यामुळेच.

सेटिंगच्या शोधचौकटीत 'रॅपिंग स्ट्रॅटेजी' शोधून ते 'ॲडव्हान्स्ड' करा. मग अक्षरांची खरी रुंदी मोजूनच ओळ वळवली जाते. किंमत वेगाची मोजावी लागते : मोठ्या फाइलमध्ये एडिटर अडखळतो किंवा थिजतो. म्हणून हे सगळीकडे लागू करू नका. ज्या प्रकल्पात मराठी टिपण्या आहेत, त्याच्याच 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमधल्या सेटिंगमध्ये ठेवा. फॉन्टच्या यादीत इंग्रजी फॉन्टनंतर एक देवनागरी फॉन्ट स्वतः लिहून ठेवा, विंडोजवर 'निर्मला यूआय' असतोच. त्याने वळणं सुधारणार नाहीत, पण मराठी अक्षरांचा फॉन्ट आयत्या वेळी कॉम्प्युटरच्या मर्जीने निवडला जाणार नाही.

आता तपासनिसाचं. 'पायकोडस्टाइल' पायथनच्या पद्धतीने संकेत मोजतो, अक्षरं नाही. त्याच्या लेखी 'सिद्धेश्वर' दहाच. विम आणखी तिसरं मोजतं. ते मात्रा आणि हलन्त शून्य धरतं, म्हणून तिथे हाच शब्द सहा रकान्यांचा होतो (स, द, ध, श, व, र) आणि 'सोलापूर' चारचा. म्हणजे विममध्ये 79 च्या आत बसलेली मराठी टिपणी तपासनिसाला 100 च्या वरही वाटू शकते. दोघांचा मेळ घालायला जाऊ नका. मराठी टिपण्या लहान ओळींतच लिहा, किंवा त्या ओळीच्या शेवटी 'नोक्यूए' अशी टिपणी टाकून तपासणी थांबवा. ही सवलत 'फ्लेक8' हा तपासनीस सरसकट मानतो. नुसता पायकोडस्टाइल वापरत असाल आणि तो ती मानत नसेल, तर मर्यादाच वाढवा.

विमवाल्यांसाठी जाता जाता. परदेशी सेटिंग-फाइल उचलून आणली असेल आणि तिच्या फॉर्मॅटऑप्शन्समध्ये छोटा आणि मोठा 'एम' असेल, तर दोन्ही काढा. ते चिनी-जपानीसाठी आहेत, कारण तिथे प्रत्येक अक्षरानंतर ओळ तोडलेली चालते. छोटा 'एम' 255 च्या वरचा संकेत क्रमांक असलेल्या कुठल्याही अक्षरापाशी ओळ कापू देतो, आणि सगळी देवनागरी 255 च्या वरच येते. मग 'सिद्' एका ओळीत आणि 'धेश्वर' पुढच्या ओळीत, तेही फाइलमध्ये कायमचं. मोठा 'एम' तर ओळी जोडताना मधली जागाच घालत नाही : 'सोलापूर' आणि 'शहर' जोडले की 'सोलापूरशहर'.

प्रश्न : व्हीएस कोडमध्ये वर्ड रॅप 'ऑफ' आहे. तरी मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी केलेली टेक्स्ट) फाइल वळते. ग्राहकाच्या साइटवरून उतरवलेली एक जावास्क्रिप्ट फाइलही वळते. उलट एका मोठ्या लॉग फाइलमध्ये मुद्दाम चालू केलं तरी वळत नाही. ऑल्ट+झेड दाबून केलेला बदल सेटिंगमध्ये दिसतच नाही.
– होटगी रस्ता

चार गोष्टी, चार कारणं.

मार्कडाउनसाठी व्हीएस कोड स्वतःच भाषेपुरतं 'रॅप चालू' असं ठरवून येतो. भाषेपुरतं सेटिंग सर्वसाधारण सेटिंगला नेहमी हरवतं, मग ते सर्वसाधारण सेटिंग प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये का लिहिलेलं असेना. 'प्रकल्पातलं सेटिंग वरचढ' एवढंच पाठ असलेले इथे हमखास चकतात. बंदच करायचं असेल तर चौकटी कंसात भाषेचं नाव घालून त्याच्या आत 'एडिटर.वर्डरॅप' 'ऑफ' करा.

जावास्क्रिप्ट फाइल आकसून एका ओळीत कोंबलेली असणार. फाइलमधला निम्म्याहून जास्त मजकूर 10,000 अक्षरांपेक्षा लांब ओळींत असेल, तर एडिटर सेटिंग न जुमानता ती वळवतो. ती फाइल वळू द्यावी हेच बरं.

लॉगचं उलटं. फाइल 20 एमबीच्या वर किंवा 3 लाख ओळींच्या वर गेली की वळवणं, रंग देणं, भाग मिटवणं ही कामं मेमरी वाचवण्यासाठी बंद होतात. उघडताना तशी सूचना येते; आपण ती न वाचता बंद करतो. 'एडिटर.लार्जफाइलऑप्टिमायझेशन्स' बंद केलं तर वळेल, पण 8 जीबीच्या मशिनवर हा खेळ करू नका. लॉगचा हवा तेवढाच भाग वेगळा काढून उघडा.

ऑल्ट+झेड हा त्या फाइलपुरता तात्पुरता बदल आहे. तो सेटिंगमध्ये लिहिला जात नाही, म्हणून शेजारच्या टॅबवर परिणाम होत नाही. कायमचा हवा असेल तर सेटिंगमध्येच करा. तिथे चार पर्याय आहेत : ऑफ, ऑन, ठरावीक रकान्यावर, आणि 'बाउंडेड', म्हणजे खिडकीची कड आणि ठरवलेला रकाना यांपैकी जे आधी येईल तिथे. पडदा दुभागून काम करणाऱ्यांना बाउंडेड सोयीचं पडतं.

प्रश्न : चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी आम्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. एका ओळीत एक ऑर्डर, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले नऊ रकाने. सर्व्हरवर विममध्ये दुरुस्ती केली की काही ऑर्डरींच्या दोन ओळी होतात आणि बिलाचा प्रोग्राम अडतो. सगळ्याच ऑर्डरी तुटत नाहीत, हेच कळत नाही.
– साखर पेठ

कात्रीच. विमबरोबर नमुन्याची एक सेटिंग-फाइल येते आणि तिच्यात टेक्स्ट प्रकारच्या फाइलना टेक्स्टविड्थ 78 दिलेली असते. सर्व्हरवर कुणीतरी तीच उचललेली दिसते. सगळ्या ओळी तुटत नाहीत याचं कारण विम फक्त मोकळ्या जागेवर ओळ कापतं, स्वल्पविरामावर नाही. 'डबल बेड चादर' असा माल असलेली ओळ 'बेड'नंतर तुटू शकते. ज्या ओळीत एकही मोकळी जागा नाही ती 200 अक्षरांची झाली तरी अखंड राहील. शिवाय ज्या ओळीत तुम्ही टाइप केलंत तीच तुटते. नुसती पाहिलेली तुटत नाही.

आधी नुकसान मोजा. 'ऑक -एफ, 'एनएफ!=9' ऑर्डर.टीएक्सटी' (ऑक म्हणजे ए-डब्ल्यू-के; 'एफ' आणि 'एनएफ' मोठ्या अक्षरांत) ही आज्ञा नऊ रकाने नसलेल्या ओळी दाखवेल. एखाद्या पत्त्यात अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम असेल तर तीही ओळ यात येईल, ती डोळ्यांनी वगळा. उरलेल्यांत पहिल्या तुकड्यावर जाऊन मोठा 'जे' दाबा. कापताना विमने जी जागा गिळली तीच 'जे' परत घालतो, त्यामुळे ओळ जशीच्या तशी जुळते. 'जी जे' वापरू नका, तो जागा न घालता जोडतो आणि 'बेडचादर' होतं.

पुढे हे टाळायला फाइल उघडल्याबरोबर ':सेटलोकल टेक्स्टविड्थ=0 रॅपमार्जिन=0'. ओळी लांब दिसतात म्हणून पडद्यावर वळवायच्या असतील तर ':सेटलोकल रॅप' वेगळं, त्याने फाइलला धक्का लागत नाही.

हीच फाइल विंडोजवर नोटपॅड++ मध्ये उघडत असाल तर तिथेही जपा. 'व्ह्यू'मधला वर्ड रॅप म्हणजे घडी. पण 'एडिट'मधल्या ओळींच्या कामांतला 'स्प्लिट लाइन्स', म्हणजे कंट्रोल+आय, ही कात्री आहे. बोट चुकून पडलं तर लगेच कंट्रोल+झेड.

प्रश्न : मोबाइलवरून आलेला मजकूर कोडमध्ये चिकटवला की ती एकच ओळ वळत नाही, किंवा शब्दाच्या मधूनच वळते.
– विजापूर वेस

त्यात न मोडणारी मोकळी जागा आली असणार, संकेत क्रमांक 160. साध्या जागेसारखीच दिसते, पण एडिटर तिच्यावर ओळ वळवत नाही. सगळा मजकूर त्याला एकच प्रचंड शब्द वाटतो. विममध्ये त्या जागेवर 'जी ए' दाबा, क्रमांक दिसेल. साधी जागा असेल तर 32. ती एक जागा निवडून कॉपी करा, 'शोधा आणि बदला'मध्ये चिकटवा आणि साधी जागा देऊन सगळ्या बदला. मात्र 'सगळे अदृश्य संकेत काढा' असलं एखादं बटण दाबू नका. 8205 क्रमांकाचा जोडणारा संकेतही अदृश्यच असतो, आणि काही कळफलकांवर 'सुर्‍या', 'दर्‍या' यांतला आडवा रफार त्याच्याच जोरावर उभा असतो. तो काढलात की 'सुर्या', 'दर्या' उरेल.

प्रश्न : ईमॅक्स या एडिटरमध्ये खिडकी उभी दुभागली की ओळी वळायच्या थांबतात आणि कडेला कापलेल्या दिसतात. एकच खिडकी केली की परत वळतात.
– अशोक चौक

खिडकी पूर्ण रुंदीची नसेल आणि 50 रकान्यांपेक्षा अरुंद असेल, तर ईमॅक्स ओळ वळवण्याऐवजी कडेला झाकून टाकतो. 'ट्रंकेट-पार्शल-विड्थ-विंडोज' या सेटिंगची किंमत 50 असते, ती 'निल' करा. किंवा सरळ 'व्हिज्युअल-लाइन-मोड' चालू करा. तो हे सेटिंग त्या बफरपुरतं (उघडलेल्या मजकुरापुरतं) आपोआप बंद करतो आणि शब्दाच्या मधून न वळवता शब्दाच्या सीमेवर वळवतो. 'ऑटो-फिल-मोड' मात्र याच्याशी गल्लत करून चालू करू नका. ती 70 रकान्यांवर चालणारी कात्री आहे.

प्रश्न : एकाच प्रकल्पावर आम्ही काही जण निओविम (विमवरून निघालेला एडिटर) आणि काही जण व्हीएस कोड वापरतो. निओविमवाल्यांच्या टिपण्या तुटून येतात, आमच्या नाही. दर वेळी तुलनेत पानभर बदल दिसतात, खरा बदल एका शब्दाचा असतो.
– नवी पेठ

प्रकल्पाच्या मुळाशी 'डॉट एडिटरकॉन्फिग' ही सगळ्या एडिटरांसाठीच्या सामाईक सेटिंगची फाइल आहे का पाहा, आणि तिच्यात 'मॅक्स_लाइन_लेंग्थ' आहे का. 2023 मध्ये आलेल्या 0.9 आवृत्तीपासून निओविम ही फाइल स्वतःहून वाचतो आणि त्या आकड्याची टेक्स्टविड्थ करतो. व्हीएस कोडला ती वाचायला एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) लागतं, आणि ते एक्स्टेन्शन जागा-टॅब वगैरे पाळतं पण ही एक ओळ पाळत नाही. नियम एकच, पण पाळणारे अर्धेच. ती ओळ फाइलमधून काढा. टिपण्यांची रुंदी हवीच असेल तर व्हीएस कोडमध्ये 'रीरॅप' हे एक्स्टेन्शन घ्या, ऑल्ट+क्यू दाबून परिच्छेद बसवता येतो, आणि दोन्हीकडे आकडा एकच ठेवा.

कोडच्या रुंदीचं काम एडिटरवर सोडूच नका, ते फॉर्मॅटरला (कोडची मांडणी आपोआप बसवणाऱ्या प्रोग्रामला) द्या. पायथनचा 'ब्लॅक' 88 वर बसवतो, 'प्रेटिअर' 80 वर. ब्लॅक टिपण्या मोडत नाही, त्या तुमच्याच हाती राहतात. गो भाषेचा 'गोएफएमटी' तर लांब ओळीला हातही लावत नाही.

तुलना वाचण्यासाठी 'गिट डिफ --वर्ड-डिफ' वापरा. ओळी कितीही इकडच्या तिकडे झाल्या तरी मुख्यतः बदललेले शब्दच दिसतील. आणि सगळ्या टिपण्या एकदा नव्या रुंदीला बसवायच्या ठरल्या, तर तो बदल एका स्वतंत्र कमिटमध्ये करा, त्यात दुसरं काही मिसळू नका. त्या कमिटचा क्रमांक 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइलमध्ये लिहा आणि प्रत्येकाने आपापल्या मशिनवर 'गिट कॉन्फिग ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' ला त्या फाइलचं नाव द्या. गिट 2.23 किंवा त्यापुढचं असलं की 'ब्लेम'मध्ये (कुठली ओळ कुणाची ते सांगणाऱ्या आज्ञेत) बहुधा ओळ ज्याने खरोखर लिहिली त्याचंच नाव येईल, कात्री चालवणाऱ्याचं नाही.